विहिरीतला हंसराज आणि गिंकोचे भाऊबंद

डिचोलीला मामाच्या घरामागे चिऱ्यांची जुनी विहीर आहे, पाऊस जरा धरला की तिच्या आतल्या कडेने हंसराज उगवतो. काळ्या दोऱ्यासारखे देठ, त्यावर हिरवेगार छोटे पंखे. परवा एक पान उजेडात धरलं, तर शिरा देठाकडून निघून दोनाच्या चार, चाराच्या आठ होत कडेपर्यंत गेलेल्या, मध्ये जाळी नाहीच! गिंको नावाच्या चिनी झाडाचं पानही असंच, म्हणून तर इंग्रजीत त्या झाडाला हंसराजाचंच नाव पडलंय. नातं मात्र काहीच नाही, हंसराज म्हणजे बी न धरणारा नेचा (फर्न) आणि गिंको बी धरणारं झाड, त्याच्या कुळातली आता जगात एकच जात उरलीय.

मामेबहीण म्हणाली, "ताई, मग बाकीचे कसे होते?" तर ते दगडातच बघायला लागतात. आमच्या जांभ्यात नाही मिळायचे, पण झारखंडच्या राजमहाल टेकड्यांत गिंकोसारखी पानं सापडलीत. चीनमध्ये यीमाला सुमारे १७ कोटी वर्षांपूर्वीचा गिंको मिळाला, त्याचं पान बोटांसारखं खोल चिरलेलं आणि प्रत्येक बी वेगळ्या देठावर. मग चीनमधल्याच लियाओनिंगचा, सुमारे १२ कोटी वर्षांपूर्वीचा, त्याच्यात हे छोटे देठ गायब, म्हणजे आजच्या झाडाकडे सरकलेला. २००३ मध्ये तो जाहीर झाला तेव्हा मधला दुवा मिळाला. आणि मला सगळ्यात आवडतं ते हे की आजच्या गिंकोच्या कोवळ्या रोपाची पानंसुद्धा अशीच खोल चिरलेली असतात!

पण खरी गंमत पानाच्या मेणचट सालीत आहे. ती कोट्यवधी वर्षं टिकते आणि तिच्यावरची रंध्रं, म्हणजे पान ज्यातून हवा आत-बाहेर करतं ती बारीक छिद्रं, मोजता येतात. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की झाड कमी रंध्रं काढतं. १९९९ मध्ये ग्रीनलँड आणि स्वीडनमधल्या जीवाश्म पानांवरून, त्यांत गिंकोचे भाऊबंदही होते, दाखवलं गेलं की सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी, ट्रायासिक नावाचा कालखंड संपताना, हा वायू जवळपास चौपट झाला होता. एका पानावरून तेव्हाची हवा कळते, मला अजून अंगावर काटा येतो.

मग आम्ही दोघींनी हंसराजाच्या पानाला खालून नेलपॉलिश लावलं, सुकल्यावर सेलोटेपने उचललं आणि तिच्या मायक्रोस्कोपखाली धरलं. रंध्रांचे छोटे छोटे ओठ दिसले, ती मोठ्याने मोजत बसली, मध्येच चुकली की परत पहिल्यापासून.