बाबांच्या पापण्या

आधी कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेलची किमो झाली तेव्हा बाबांच्या डोक्यावरचे केस गेले, भुवया गेल्या आणि शेवटी पापण्यांचे केस पण गेले. त्यांचं काय एवढं, असं वाटलं होतं, पण माझ्यामागे स्कूटरवर बसून इंदूरच्या राजवाड्यापर्यंत जाऊन आले की डोळे लाल, कारण धूळ अडवायला काही उरलंच नव्हतं.

मग किमो संपली आणि एर्लोटिनिब १५० ची गोळी सुरू झाली. खरं म्हणजे ही किमो नाही, टार्गेटेड गोळी आहे, पण आमच्या घरात सगळ्यालाच किमो म्हणतात. ती ट्यूमरमधल्या ईजीएफआर नावाच्या रिसेप्टरला (पेशीला वाढायचा निरोप देणाऱ्या प्रथिनाला) अडवते, पण तोच रिसेप्टर कातडीत आणि केसांच्या मुळाशी पण असतो ना, त्यामुळे आधी चेहऱ्यावर पोरांसारख्या पुटकुळ्या आल्या आणि दोन-तीन महिन्यांनी पापण्यांचे केस परत आले, ते असे आले की काय सांगू. लांब, जाड, कुरळे, एकमेकांत गुंतलेले. आत्या म्हणाली, "दादा, तुला काजळ घालायचंच बाकी राहिलंय!" आम्ही सगळे हसलो, मी तर फोटो काढून ग्रुपवर टाकले.

डोळा चुरचुरतोय असं बाबा सांगत होते, पण आम्हाला वाटलं डोळे आलेत, आईने गुलाबपाणी घातलं (घालू नका हो, प्लीज). रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला जायचं होतं, तेही राहिलं, उजेडात डोळा उघडेचना. तीन आठवडे असेच घालवले, याची मला अजून लाज वाटते.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी नारिंगी पट्टी ओली करून टेकवली, निळा उजेड मारला आणि बुबुळावर हिरव्या रेघा चमकल्या, ओरखडे होते ते. काही केस आत वळून तिथेच घासत होते. मशीनखाली बघत चिमट्याने सहा उपटले, पापणीच्या कडेला सूज होती म्हणून कोमट शेक आणि थेंब दिले. केस परत येणार, तेव्हा दर काही आठवड्यांनी दाखवायचं, घरी कात्री लावायची नाही, बोथट राहिलेलं खुंट जास्त टोचतं.

तिथे बाकावर एक काकू होत्या, त्यांच्या डोळ्यांना सारखी धार. डोसिटॅक्सेल नावाच्या किमोने डोळ्यातलं पाणी नाकात नेणारी बारीक नळी आकसली होती, आणि लोक म्हणे त्यांना बिचाऱ्या रडतात म्हणून समजावत बसायचे.

हे कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, गोळी कधी घेता? बाबा छताकडे बघायला लागले. आई म्हणाली, "पोह्यांबरोबर." आता इंदूरच्या माणसाला सकाळी सातला पोहे-जिलेबी लागतेच, पण ही गोळी उपाशीपोटी घ्यायची असते, खाण्याआधी एक तास किंवा नंतर दोन तास, कारण खाण्यासोबत ती अंगात जास्त शोषली जाते आणि मग त्रासही वाढू शकतो. पापण्या त्यामुळेच वाढल्या असं डॉक्टर म्हणाले नाहीत, उपाशीपोटी घेऊनही हे होतं, पण बाबांना जे बोलणं बसलं ते बसलंच.

आता सातला गोळी. मग बाबा घड्याळासमोर बसतात, शेव आणि जीरावन मसाल्याचा डबा जवळ ओढून, आणि आठ वाजल्याशिवाय आई फोडणी टाकत नाही.