एम्बँकमेंटचा आवाज आणि चॉक फार्मच्या लाल टाइल्स

पहिले काही दिवस टॉवर ब्रिज, लंडन आय, राजवाडा यातच गेले, त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, सगळीकडे रांगा आणि सगळं महाग. मला लंडन मनापासून आवडलं ते जमिनीखाली, तिथल्या भुयारी रेल्वेत, म्हणजे ट्यूबमध्ये, आणि तेही एकाच लाइनवर. नॉर्दर्न लाइन, नकाशात काळ्या रंगाची.

मला चॉक फार्मला जायचं होतं, बाबासाहेब आंबेडकरांचं घर बघायला. वहिनी तिकडेच राहते, रोज ट्यूबने ऑफिसला जाते. ती म्हणाली, "भाऊजी, एम्बँकमेंटला गाडी बदला, आणि आलेली पहिली गाडी सोडून द्या. घाई करू नका."

एम्बँकमेंटचा उत्तरेकडे जाणारा प्लॅटफॉर्म चांगलाच वाकडा आहे. 1914 मध्ये ही लाइन इथपर्यंतच होती, आणि गाडी वळून परत जावी म्हणून थेम्स नदीखालून बोगद्याचं वेटोळं काढलं होतं. 1926 मध्ये लाइन पुढे केनिंग्टनला नेली तेव्हा वेटोळं बंद झालं, पण हा प्लॅटफॉर्म त्या वळणावरच राहिला. आता सरळ डबा वाकड्या प्लॅटफॉर्मला लागला की मधे फट राहणारच. म्हणून इथे गाडी आली की एक आवाज येतो, 'माइंड द गॅप', म्हणजे फट सांभाळा. भारदस्त, जुन्या वळणाचा, जरा दरडावणारा पुरुषी आवाज, बाकीच्या स्टेशनांवर असतो तसा गुळगुळीत नाही.

हा आवाज ऑस्वल्ड लॉरेन्स नावाच्या नटाचा. ते 2007 मध्ये वारले. त्यानंतर त्यांच्या पत्नी, डॉ. मार्गारेट मॅक्कॉलम, या प्लॅटफॉर्मवर यायच्या, बसायच्या, नवऱ्याचा आवाज ऐकायच्या आणि मग पुढची गाडी पकडायच्या. 2012 च्या नोव्हेंबरमध्ये नवीन सिस्टिम आली आणि आवाज गेला. त्यांनी रेल्वेकडे चौकशी केली, तेव्हा तिथल्या लोकांनी जुनं रेकॉर्डिंग शोधलं, त्यांना सीडी करून दिली आणि 2013 मध्ये फक्त या प्लॅटफॉर्मवर तोच आवाज परत लावला. एवढी मोठी यंत्रणा, रोज लाखो माणसं, आणि एका बाईसाठी हे केलं.

मी गाड्या सोडत उभा राहिलो. आजूबाजूला सगळ्यांच्या कानात इअरफोन, कोणाचं लक्ष नाही, आणि मला मात्र गाडी आली की छातीत काहीतरी व्हायचं. बाबांचा आवाज आमच्याकडे कुठेच नाही हो, एका लग्नाच्या कॅसेटमध्ये होता, ती कॅसेट बुरशी लागून गेली. त्यामुळे मार्गारेटबाईंना काय मिळालं हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

चॉक फार्मला बाहेर पडलो की वळून स्टेशनकडे बघाच, लोक बघत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं. दोन रस्त्यांच्या बेचक्यात पाचर मारल्यासारखी लांबलचक इमारत, बाहेरून सगळी गडद लाल, जवळजवळ डाळिंबी, चकचकीत टाइल्सची, वर अर्धगोल खिडक्यांची ओळ. लंडनमध्ये अशी लाल स्टेशनं बरीच दिसतात, ती बहुतेक लेस्ली ग्रीन या आर्किटेक्टची. 1903 मध्ये त्याला काम मिळालं, थोड्या वर्षांत एवढी स्टेशनं उभी करायची होती. आत लोखंडी सांगाडा, छप्पर सपाट, म्हणजे पुढे वर मजले चढवून ऑफिसं करता येतील. प्लॅटफॉर्मवरच्या टाइल्सचे रंग आणि नक्षी मात्र त्याने स्टेशनागणिक वेगळी ठेवली. 1907 मध्ये हे स्टेशन सुरू झालं आणि 1908 मध्ये ग्रीन क्षयाने गेला, वय अवघं 33.

तिथून 10, किंग हेन्रीज रोड चालत जवळच. 1921-22 मध्ये बाबासाहेब इथे राहायचे, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत होते. आता घर महाराष्ट्र सरकारचं आहे, 2015 मध्ये घेतलं. दारावर निळी गोल पाटी. मी पायरीपाशी नमस्कार केला. हे लाल स्टेशन तेव्हाही इथेच होतं, तिशीतले बाबासाहेब पुस्तकं घेऊन याच्या समोरून गेले असणार, हे सारखं मनात येत राहिलं.

त्यांच्या कॉलेजच्या जवळ ऑल्डविच नावाचं स्टेशन होतं, 1994 मध्ये बंद झालं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश म्युझियमने अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराची शिल्पं बॉम्बपासून वाचवायला तिथल्या बोगद्यात ठेवली होती. बाहेरची लाल भिंत अजून आहे, आत मात्र एरवी जाता येत नाही, ट्रान्सपोर्ट म्युझियमच्या हिडन लंडन टूर असतात तेव्हाच. मला तारखा जुळल्या नाहीत. तुम्ही जाणार असाल तर विमानाचं तिकीट काढायच्या आधी त्या टूरच्या तारखा बघा, आणि लंडन आयचे पैसे तिकडे घाला.