आमचं पॅकेज कोणी बदललं?

फेब्रुवारी २०२२. सकाळी आल्या आल्या पाहिलं तर आमच्या पायथॉन प्रकल्पाचं बिल्ड (कोडची आपोआप होणारी बांधणी आणि चाचणी) लाल, म्हणजे फेल. आदल्या संध्याकाळपासून एकही कमिट (कोडमधला नोंदवलेला बदल) नव्हतं. लॉगमध्ये तक्रार एवढीच, की मार्कअपसेफ या पॅकेजमधून (पॅकेज म्हणजे तयार कोडचा संच) 'सॉफ्ट_युनिकोड' हे फंक्शन इम्पोर्ट होत नाही. हे नाव आमच्या कोडमध्ये कुठेच नव्हतं. माझ्या लॅपटॉपवर सगळ्या टेस्ट पास होत होत्या. सहकारी म्हणाला, "परत रन करून बघ." केलं. परत लाल.

मग टेस्टच्या आधी एक ओळ घातली: मार्कअपसेफ नेमकं कुठून लोड होतंय ते छाप. उत्तर आलं, जेनकिन्स (बिल्ड आपोआप चालवणारं साधन) युजरच्या होममधल्या 'डॉट लोकल' फोल्डरमधून. त्या एजंटवर, म्हणजे बिल्ड चालवणाऱ्या मशीनवर, आमचा आणि शेजारच्या टीमचा जॉब एकाच युजरखाली चालायचा, आणि दोघांच्याही स्क्रिप्टमध्ये पायथॉनची पॅकेजेस बसवणाऱ्या पिपच्या इन्स्टॉल कमांडला 'युजर' पर्याय, म्हणजे त्या युजरच्या फोल्डरातच बसव असं सांगणारा, होता. म्हणजे दोघांची पॅकेजेस एकाच जागी. त्यांच्या रात्रीच्या जॉबने खालच्या पॅकेजेससकट (म्हणजे ज्यांच्यावर इतर पॅकेजेस अवलंबून असतात ती) सगळं अपग्रेड केलं आणि नुकतंच आलेलं मार्कअपसेफ २.१.० तिथे बसलं. त्या आवृत्तीतून 'सॉफ्ट_युनिकोड' काढून टाकलेलं आहे. आमच्या जिंजा २.११.३ ला (टेम्पलेटमधून मजकूर तयार करणारं पॅकेज) नेमकं तेच लागतं.

आमच्या पॅकेजेसच्या यादीच्या फाईलमध्ये जिंजाची आवृत्ती पक्की होती, पण मार्कअपसेफचा उल्लेखच नव्हता. जिंजाची स्वतःची अट '०.२३ किंवा त्यापुढचं' एवढीच. पिपला ती पुरी झालेली दिसली, म्हणून त्याने मार्कअपसेफला हात लावला नाही.

याची दुसरी बाजू मला जास्त लागली. आमचा जॉब त्याच फोल्डरात त्यांचा जिंजा ३ काढून जुना बसवत होता. दोन्ही जॉब एकाच वेळी चालले, की त्यांच्या टेस्ट मध्येच पडायच्या. त्यांच्यातल्या एक ताई कित्येक दिवस त्या 'कधी पास, कधी फेल' टेस्टच्या मागे होत्या. मी लगेच जाऊन त्यांना सांगितलं. त्यांनी आधी लॉगमधल्या वेळा जुळवून पाहिल्या, मगच विश्वास ठेवला.

उपाय सोपा वाटला. वेन्व, म्हणजे प्रत्येक प्रकल्पाला पॅकेजेसची वेगळी जागा करून देणारं साधन, २०१२ पासून, पायथॉन ३.३ पासून, सोबतच मिळतं. दर बिल्डला वर्कस्पेसमध्ये नवं वेन्व करायचं, झालं. पहिल्याच रनला टेस्ट चालवणारं पायटेस्ट सापडेना. ते आम्ही कुठल्याच फाईलमध्ये लिहिलेलं नव्हतं, इतके दिवस 'डॉट लोकल'मधलं वापरत होतो. ते लिहिलं, आणि पुन्हा तीच 'सॉफ्ट_युनिकोड'ची तक्रार!

दोन मिनिटं कोणी काही बोललं नाही. मग लक्षात आलं, कोऱ्या वेन्वमध्ये पिप सगळ्यात नवं मार्कअपसेफच आणणार. लॅपटॉपवर केव्हातरी बसलेलं २.०.१ होतं, म्हणून तिथे सगळं आलबेल. शेजारच्यांनी काही केलं नसतं, तरी नव्या मशीनवर आमचं बिल्ड पडलंच असतं. वेन्व दुसऱ्याची पॅकेजेस बाहेर ठेवतं. आत कोणती आवृत्ती यावी हे आपणच सांगायला लागतं.

पिप-टूल्स या साधनाने पूर्ण यादी काढली, खालच्या पॅकेजेससकट, हॅशसह (फाईल बदललेली नाही हे तपासायचा ठसा). मार्कअपसेफ २.०.१ वर पक्कं केलं. बिल्ड हिरवं झालं तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते.

दुसऱ्या दिवशी, सगळ्यांना कळवून, 'डॉट लोकल' बाजूला हलवलं. तासाभरात आणखी एका टीमचा जॉब पडला: रिक्वेस्ट्स हे पॅकेज सापडत नाही. त्यांनीही ते कुठे लिहिलेलं नव्हतं. खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांची यादी काढायला घेतली.