बोर्डिंगनं दिलेले दोन तास

शाळेनं तुम्हाला काय दिलं, असं कोणी विचारलं की माझ्या बरोबरीच्या बहुतेक जणी इंग्रजीचं नाव घेतात, नाहीतर शिस्तीचं. दोन्ही खरंच आहे. मी मात्र वेळेचं नाव घेईन. संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ हे दोन तास सिस्टरांच्या या कॉन्व्हेंट शाळेनं आणि तिच्या मुलींच्या बोर्डिंगनं मला दिले, आणि ते माझ्या एकटीचे होते.

1979 च्या जून अखेरीस मी पाचवीत आले. उन्हाळा ओसरल्याशिवाय आपल्या विदर्भात शाळा कुठे उघडतात! आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजीकडचं. कोरडवाहू वावर, त्यात पऱ्हाटी, तूर आणि खाण्यापुरती ज्वारी. गावातली शाळा चौथीपर्यंतच होती. घरी मी थोरली. सकाळी शेणपाणी, मग लहान भावंडं, निंदणाच्या दिवसांत मायसोबत वावर आणि दिवाळीनंतर कापसाचा वेचा. पुस्तक हातात घेतलं की कोणीतरी हाक मारायचंच. हाक मारणाऱ्याचा त्यात दोष नव्हता. कामच तेवढं असायचं आणि पोरगी म्हणजे मोकळा हात, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं होतं.

माझे बाबा गुरुदेव सेवा मंडळाचे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेला एक दिवस चुकायचे नाहीत. त्यांनी पोरीला कॉन्व्हेंटात घालायचं ठरवलं तेव्हा भावकीत कुजबुज झाली. "पोरीले किरिस्ताव करतीन ना बे," असं एका काकांनी तोंडावर म्हटलं. बाबांनी ते मनात न ठेवता थेट मुख्याध्यापिका सिस्टरांनाच विचारलं. त्या केरळातल्या कोट्टायमकडच्या, पण मराठी स्वच्छ. "मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, कॅथलिक मुलींना. तुमची मुलगी त्या वेळी वाचत बसेल. ती तुमचीच मुलगी राहील, बाबा," त्या म्हणाल्या.

आणि तसंच झालं. पहाटे कॅथलिक मुली चॅपेलमध्ये जायच्या, आम्ही उरलेल्या कंदिलाभोवती पाढे घोकायचो. त्यांचा धर्मशिक्षणाचा तास असला की आम्हाला मॉरल सायन्स. रात्री अंथरुणावर बसून मी घरची प्रार्थना म्हणायची. वॉर्डन सिस्टर दिवा मालवायला यायच्या आणि माझे हात जोडलेले दिसले की बटणाजवळ थांबून राहायच्या. माझं म्हणून झालं की मगच अंधार व्हायचा. मला कोणत्या देवाची आळवणी येते, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

फीबद्दल इथे लिहिलंच पाहिजे. 1972 पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी होती, म्हणजे कापूस सरकारी केंद्रावरच घालावा लागायचा. कापूस केंद्रावर गेला तरी पैसे हप्त्याहप्त्यानं यायचे. चुकारा येईपर्यंत आमच्या भागातल्या कोणत्याच घरात रोकड नसायची. शाळेला हे ठाऊक होतं. "चुकारा आला का देतो, सिस्टरबाई," असं बाबा म्हणायचे आणि सिस्टर वहीत तेवढंच लिहून घ्यायच्या. एका साली मेससाठी आमच्याकडून ज्वारीचं पोतं आलं आणि ते फीत धरलं गेलं. त्याच ज्वारीच्या भाकरी आम्ही आंबाडीच्या भाजीसोबत खाल्ल्या. फी थकली म्हणून बोर्डिंगमधून मुलगी घरी गेली, असं माझ्या काळात घडलं नाही.

आता ते दोन तास. जपमाळ संपली की घंटा व्हायची. लांबलचक हॉल, त्यात बाकांच्या रांगा, समोरच्या टेबलाशी वॉर्डन सिस्टर आमचेच फाटके फ्रॉक शिवत बसलेल्या. वीज गेली की दोन पेट्रोमॅक्स यायचे. त्यांच्या सूं-सूं आवाजात मी बीजगणित शिकले. नियम एकच होता. स्टडी सुरू असताना कोणत्याही मुलीला कोणीही उठवायचं नाही. स्वतः मुख्याध्यापिकांनीसुद्धा नाही.

मी आठवीत असताना एकदा मामा आले. यवतमाळच्या बाजारातून परतताना भाचीला भेटावं म्हणून उतरलेले. गावात मामांचा शब्द कोणी खाली पडू देत नसे. त्यांनी व्हरांड्यातूनच माझ्या नावानं हाक मारली. सवयीनं मी अर्धी उठलेही. सिस्टरांनी बोटानं मला खाली बसवलं, बाहेर गेल्या, त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाल्या, "अभ्यास चालू आहे. साडेआठला येईल ती." मामा बसले. धोतराचा सोगा सावरत, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, पूर्ण वेळ बसले. खिडकीतून मला त्यांचा फेटा दिसत होता. एका पोरीचं वाचून व्हायचं आहे म्हणून घरचा कर्ता पुरुष थांबला, हे मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते. त्या रात्री मी काय वाचलं ते आठवत नाही. पण त्यानंतर सुट्टीत घरी कोणी हाक मारली की "थांबा, एवढं पान होऊ द्या," असं माझ्या तोंडून निघायला लागलं आणि बाबांनी ते ऐकून घेतलं.

सगळ्यांच्या नशिबी हे नव्हतं. मुलीच्या लग्नाचं वय कायद्यानं 1978 मध्ये 15 वरून 18 झालेलं होतं, पण गावागावांत तो कायदा पोचायचा होता. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर आठवी-नववीच्या वर्गात बाकं रिकामी दिसायची. मग मुख्याध्यापिका एसटीनं निघायच्या, पुढे बंडीनं. कायद्याचं नाव त्या अगदी शेवटी काढायच्या. आधी चुलीपुढे मायजवळ बसायच्या आणि म्हणायच्या, "मार्चची परीक्षा तेवढी होऊ द्या, मग बघू." काही मुली अशा परत आल्या. माझ्या शेजारच्या बाकावरची मात्र आली नाही. गणितात ती माझ्याही पुढे होती. आजही कधी भेट झाली की ती शाळेबद्दलच विचारते.

डे-स्कॉलर, म्हणजे रोज घरून ये-जा करणाऱ्या मुलींविषयी थोडं. आम्हा बोर्डरांना बाहेरचं जग त्यांच्या डब्यातून मिळायचं: पुडाच्या वड्या, जांब, बोरं. नाताळात तर गव्हाणी, म्हणजे येशूजन्माचा देखावा, त्यांच्याशिवाय उभीच राहायची नाही. तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे लेकरांच्या पोळ्याचे, लाकडी बैल त्या घरून आणायच्या आणि बाळ येशूशेजारी झूल घातलेले, शिंगं रंगवलेले आपले विदर्भाचे बैल उभे राहायचे. छपराला तुऱ्हाट्या, खाली कडबा आणि बर्फ म्हणून सरकी काढलेला कापूस, ज्याला आमच्याकडे तोटा नव्हता. 1979 च्या डिसेंबरात त्याच गव्हाणीपुढे सिस्टरांनी आम्हाला मदर तेरेसांच्या नोबेल पुरस्काराची बातमी सांगितली. त्या कलकत्त्यात कितीतरी वर्षं मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होत्या आणि पुरस्काराच्या मेजवानीचे पैसे त्यांनी गरिबांना द्यायला लावले, हेही सांगितलं. भूगोलाच्या आमच्या बाई त्या दिवशी फार खुशीत होत्या.

1985 ला मी दहावी झाले आणि 18 महिन्यांचा ए.एन.एम.चा, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसविकेचा, कोर्स करून आरोग्य उपकेंद्रावर रुजू झाले. नोकरीभर मी घरोघर फिरले आहे. म्हणूनच अलीकडे कानावर येणारी एक गोष्ट मला बोलून दाखवायची आहे. बोर्डिंगची आता गरज उरली नाही, असं काही जण म्हणतात. गावोगावी दहावीपर्यंत शाळा झाल्या, अहिल्याबाई होळकर योजनेतून 1996-97 पासून मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो, मग मुलींना ठेवून घ्यायचं कशाला?

अंतराचा प्रश्न सुटला, हे मला मान्य आहे. पण लसीकरणासाठी घरात गेले की आजही दिसतं ते हे: एसटीनं परतलेली पोरगी दप्तर खुंटीला लावते आणि लगेच पाण्याला जाते, मग भाकरी थापते, मग धाकट्याला निजवते. भाऊ तोवर अभ्यासाला बसलेला असतो. तिला शाळा मिळाली, बस मिळाली. साडेसहा ते साडेआठ मिळाले नाहीत. ते देणारी जागा तालुक्यात मला हीच एक माहीत आहे. संचालक मंडळानं बोर्डिंगच्या खोल्यांबाबत निर्णय घेताना हे ध्यानात घ्यावं, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आमच्या 1985 च्या बॅचनं स्टडी हॉलचं गळकं छत बदलून द्यायचं आणि तिथे सौरदिवे बसवायचे ठरवलं आहे. मेससाठी ज्वारी-तांदळाची सोय गावाकडच्या मैत्रिणी बघणार आहेत. इतर बॅचच्या ज्या मैत्रिणींना यात यायचं असेल, त्यांनी शाळेच्या महोत्सवाच्या दिवशी ऑफिसात नाव नोंदवावं.