पफ म्हणजे नुसती हवा

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक कॅफे आहे. बाहेरच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं असतं, 'जगातली सर्वोत्तम कॉफी'. चार वर्षं पितेय, बहुतेक वेळा कोमट मिळते. पुण्यात लॉ करणाऱ्या भाचीला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "मावशी, ही पफरी, म्हणजे जाहिरातीतली नुसती फुशारकी. कोर्टात नाही टिकायची तुझी तक्रार."

पफ म्हणजे फुंकर. तोंडाने फू केल्यावर येतो त्या आवाजावरूनच तो शब्द झालाय. पुढे फुगवून केलेल्या जाहिरातीलाही इंग्रज पफ म्हणू लागले. नाटककार शेरिडनच्या 1779 च्या एका नाटकात 'मिस्टर पफ' नावाचं पात्रच आहे; असल्या जाहिराती लिहून पोट भरणारं, वर पफचे प्रकारही ऐटीत समजावून सांगणारं. आपणही म्हणतोच की, 'काही नाही रे, नुसती हवा केलीय'. बेकरीतला व्हेज पफ चावला की हाती काय लागतं, ते मी सांगायला नको.

भाचीने मग तिच्या पुस्तकातला खटला ऐकवला. तो घडला इथेच लंडनला, आणि मी इथे राहून मला पत्ता नाही! 1891 साली फ्लूची साथ होती. एका कंपनीने 'कार्बोलिक स्मोक बॉल' काढला: रबरी चेंडू, त्याला नळी. नळी नाकाला लावून चेंडू दाबायचा, की आतल्या पुडीची धूळ भस्सकन वर. (म्हणजे औषधसुद्धा पफच!) किंमत 10 शिलिंग. दिवसातून तीनदा, दोन आठवडे वापरूनही फ्लू झाला, तर 100 पौंड बक्षीस. आमचा शब्द खरा म्हणून 1,000 पौंड बँकेत ठेवलेत, असंही छापलं.

मिसेस कार्लिल यांनी नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत नेमाने नाकात धूळ ओढली, आणि फ्लू झालाच. नवरा वकिली केलेला, मग काय! कंपनी म्हणाली, अहो, ती नुसती पफ होती, मनावर काय घेता? डिसेंबर 1892 मध्ये अपील कोर्टाने ते उडवून लावलं. हवाच होती, तर बँकेत पैसे कशाला ठेवलेत? बाईंना 100 पौंड मिळाले.

म्हणजे 'सर्वोत्तम कॉफी' चालते. 'गरम नसली तर 5 पौंड परत' असं लिहिलं की कॅफेवाला अडकला.

मला मात्र आवडला तो पुढचा भाग. त्याच नावाने 1893 मध्ये पुन्हा जाहिरात आली: बक्षीस मागायला फक्त तिघे जण आले, यावरूनच औषधाचा गुण सिद्ध होतो! आता बक्षीस 200 पौंड. अटी तेवढ्या कंपनीकडून मागवायच्या आणि सही करून लंडनला जमा करायच्या, तेही नळी नाकाला लावण्याआधी.