नववीतली मुलगी आणि ऊसतोडीचा हंगाम

मुलींच्या शिक्षणाचा विषय निघाला की लोक लगेच पालकांच्या मानसिकतेवर येतात, "गावाकडच्या लोकांना मुलींना शिकवायचंच नसतं" वगैरे, आणि मला त्याचा खरंच राग येतो. मी बीड जिल्ह्यात शिकवते. आमच्याकडे दसरा-दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला निघतं, कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी पार कर्नाटकात, आणि मार्च-एप्रिलपर्यंत गावात उरतात फक्त म्हातारी माणसं.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीडमधल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळपास ४४ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं, राज्याचा आकडा २२ च्या आसपास आहे, म्हणजे आमच्याकडे दुप्पट. परभणी तर आमच्याही पुढे.

हे असं का होतं ते नीट बघा. मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा ठेकेदार, उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) देतो ती जोडीला, नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या पोराला अर्धा कोयता धरतात, म्हणून त्याचं लग्न झालं की अर्ध्याचा पूर्ण कोयता होतो आणि उचलही वाढते. मुलीच्या घरचा प्रश्न वेगळा. एका वडिलांनी मला सरळ विचारलं, "मॅडम, सहा महिने वयात आलेली पोर म्हातारीच्या भरवशावर ठेवू कशी? काही कमीजास्त झालं तर?" माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं, आणि तो माणूस मुलीच्या शिक्षणाच्या विरोधात अजिबात नव्हता, तिची वही-पुस्तकं त्याने स्वतः आणली होती.

सोबत नेलं तर शाळा तिथेच संपते. पहाटे आईबाप उसाच्या फडात गेले की कोपीवर, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीवर, भाकरी, पाणी, लहान भाऊ, बैलांचं सगळं हिच्याच अंगावर, त्यात पुन्हा मोळ्या बांधायला हात लागतोच. परत आली की परीक्षा होऊन गेलेली किंवा तोंडावर, आणि पाठ्यपुस्तक निम्म्यावर थांबलेलं.

गावात हंगामी वसतिगृहं आहेत, त्यामुळे बरीच लहान मुलं मागे थांबतात आणि शाळेत टिकतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण ती साधारण आठवीपर्यंतच्या पोरांसाठी. म्हणजे जिथे मुलीला सगळ्यात जास्त आधार लागतो, नववी-दहावीत, नेमका तिथेच तो सुटतो. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली, मला ती फार महत्त्वाची वाटते कारण तिच्यात मोठ्या मुलींचा विचार आहे, पण वसतिगृह तालुक्याला असतं आणि वाडीवरच्या आईला तिथली बाई कोण, रात्री गेटवर कोण असतं, फोन लागतो का, हे माहीत झाल्याशिवाय ती पोरीला सोडत नाही. सोडूही नये.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की प्रवेशाचं काम गाड्या भरायच्या आधी व्हायला पाहिजे, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, मुकादमाकडून उचल घ्यायच्या वेळीच, आणि आईला एकदा तरी नेऊन ती खोली दाखवायला पाहिजे. तुम्ही या भागात शिक्षक, आशाताई किंवा ग्रामपंचायत सदस्य असाल तर आठवी-नववीतल्या मुलींची यादी आत्ताच करा, कुणाचे आईबाप जाणार आहेत ते घरी जाऊन विचारा. अठराच्या आतल्या मुलीचं लग्न ठरल्याचं कानावर आलं तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन करा, नाव सांगावं लागत नाही.