मसूद खलिली यांची चौकट

११ सप्टेंबर २००१, मंगळवार. दुपारी परदेश पानाचा डमी आला तेव्हा अफगाणिस्तानला दोन कॉलम मिळाले होते. आमच्यासारख्या मराठी दैनिकात ही चैनच.

कारण आदल्या रविवारचं होतं. ताखार प्रांतातल्या ख्वाजा बहाउद्दीन या गावात, पत्रकार म्हणून आलेल्या दोघांनी तालिबानशी लढणारे सेनानी अहमदशाह मसूद यांच्यासमोर स्फोट घडवला होता. मसूद वाचले की गेले? नॉर्दर्न अलायन्स, म्हणजे त्यांची तालिबानविरोधी आघाडी, म्हणत होती जखमी, मॉस्कोहून येणाऱ्या तारा सांगत होत्या गेले. तिथे हजर असलेले मसूद खलिली गंभीर जखमी, याबद्दल मात्र वाद नव्हता. आणि खलिली म्हणजे अफगाणिस्तानचे दिल्लीतले राजदूत.

"मसूदचं नक्की कळत नाही ना? मग खलिलींवर चौकट कर," मुख्य उपसंपादक म्हणाले. "दिल्लीतला माणूस आहे, लोक वाचतील."

कात्रणं काढली. वडील खलीलुल्ला खलिली, फारसीतले नामांकित कवी आणि स्वतः राजदूतही. मुलाचं शिक्षण दिल्ली विद्यापीठात, राज्यशास्त्रात. सोव्हिएत फौजांविरुद्धच्या लढ्यात तो जमियत-ए-इस्लामी या पक्षाबरोबर, म्हणजे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले रब्बानी आणि मसूद यांच्या बाजूने. इथवर सरळ होतं. गंमत पुढे होती. तालिबानने १९९६ च्या सप्टेंबरात काबूल घेतलं, तरी दिल्लीत शांतिपथावरच्या दूतावासात रब्बानी सरकारचाच राजदूत. तालिबानला मान्यता देणारे देश तीनच: पाकिस्तान, सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिराती. संयुक्त राष्ट्रांतली खुर्चीही रब्बानींकडेच होती. राजधानी हातातून गेलेल्या सरकारची वकिली हा माणूस पाच वर्षं करत होता.

तालिबानला मान्यता न देण्याच्या आपल्या धोरणाची झळ १९९९ च्या डिसेंबरात बसली. अपहृत विमान कंदाहारला उतरलं आणि ज्यांच्याशी बोलायचं, त्यांच्याशी आपले संबंधच नव्हते. अखेर परराष्ट्रमंत्री जसवंत सिंग स्वतः गेले. प्रवासी घरी आले आणि आम्ही वृत्तपत्रवाल्यांनी अफगाणिस्तान पुन्हा आतल्या पानावर ढकलला. हे सगळं चौकटीत कोंबलं, पान जवळजवळ लागलं.

सव्वासहानंतर कोणीतरी टीव्हीचा आवाज वाढवला. न्यूयॉर्कच्या मनोऱ्यातून धूर येत होता. छोटं विमान असेल, असं आम्हीही म्हणालो. साडेसहाच्या सुमारास दुसरं विमान आदळलेलं दिसलं आणि त्यानंतर कोणी डमीकडे पाहिलं नाही. डाक आवृत्तीची सगळी पानं फुटली. खलिलींची चौकट कधी उडाली, मलाही कळलं नाही.

पहाटे साडेतीनच्या सुमारास आम्ही काहीजण अजून टीव्हीसमोरच होतो. अचानक काबूलमधले स्फोट दिसू लागले. "अमेरिकेने एवढ्यात बॉम्ब टाकले?" आमचा क्रीडा प्रतिनिधी म्हणाला. मला आधी मसूद आठवले. दिवसभर तेच वाचत बसलो होतो ना! त्यांचीच माणसं सूड घेत असतील, असं मी म्हणालो. मग अमेरिकेनेही आपला हात नसल्याचं सांगितलं. पण त्या रात्री मसूद कोण, हे विचारायला कोणाला वेळ नव्हता. ऐन एप्रिलमध्ये हाच माणूस युरोपीय संसदेत जाऊन धोक्याचा इशारा देऊन आला होता.

मृत्यू शनिवारी, १५ तारखेला जाहीर झाला. ताजिकिस्तानातल्या फारखोर इथे भारताने चालवलेलं रुग्णालय होतं, मसूद यांना तिकडेच नेलं होतं. मग कुठे रविवारी चौकट छापली, निम्मी कापून.

खलिली वाचले, एका डोळ्याची दृष्टी गेली. त्या दिवशी मसूद यांनीच खलिलींचा पासपोर्ट त्यांच्या सदऱ्याच्या खिशात घालायला लावला होता आणि स्फोटाचे तुकडे त्यात अडले, असं खलिली पुढे सांगत. मुलाखतीचे प्रश्न मसूद यांना समजावून सांगत होते तेही खलिलीच. काही महिन्यांतच काबूलमध्ये करझाई सरकार आलं. शांतिपथावर राजदूत तेच राहिले, फक्त आता त्यांच्या सरकारकडे राजधानी होती. नंतर ते तुर्कस्तानात आणि स्पेनमध्येही राजदूत झाले.